धुतलेला सदरा

"खुंटीवरचा सदरा कुठाय गं?" काकूंनी विचारलं.

"धुतला की, आई," सून दोरीकडे बोट दाखवत म्हणाली. सासूला शहरात घेऊन जायला ती कालच्या बोटीने बेटावर आली होती आणि आल्या आल्या घर आवरायला लागली होती. "नुसता घामट वास मारत होता. तुटलेलं बटणही लावलंय."

काकूंनी दोरीवरच्या सदऱ्याची बाही चाचपून पाहिली. पोरीने चांगल्या मनाने केलं, तिला काय बोलणार?

या बेटावरची माकडं मोठी बेरकी. पुरुषाला घाबरतात, बाईला मात्र भीक घालत नाहीत. म्हणून अंगणात खोबरं वाळत घातलं की इथल्या बायका नवऱ्याचा अंगातून उतरवलेला सदरा चढवून राखणीला बसतात. धुतलेला चालत नाही, हे इथल्या पोरीटोरींनाही ठाऊक. सून पडली शहरातली. काका गेले ते हा सदरा खुंटीवर ठेवून, आणि तेव्हापासून काकूंनी त्याला पाणी लागू दिलं नव्हतं. मुलगा फोनवर म्हणायचा, एकटी कशी राहशील? त्या म्हणायच्या, "एकटी कुठली? तुझे बाबा आहेत की राखणीला." त्याच सदऱ्यात तोंड खुपसून त्या रडायच्या, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

ऊन चढल्यावर काकू सदरा घालून खोबऱ्यापाशी बसल्या. साबणाचा वास येत होता. कुंपणावरून कळपातला थोराड नर खाली उतरला. काका त्याला आपला भाऊ म्हणायचे. "तुझे भावोजी आले बघ, वाटी दे एखादी," असं बायकोला चिडवायचे. आणि ते नुसते खाकरले तरी भावोजी शेपूट वर करून पळत सुटायचे.

आज तो जवळ आला. त्याने हवा हुंगली. काकू अगदी काकांसारख्या खाकरल्या, पण तो जागचा हलला नाही. त्यांच्या गुडघ्याशी ऐसपैस बसून त्याने खोबऱ्याची वाटी उचलली.

"आई, हाकला ना त्याला," सून दारातून म्हणाली.

काकूंनी हातातली राखणीची काठी खाली ठेवली.

"घ्या भावोजी," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचे भाऊ गेले हो."

मग त्या उठल्या. सदरा काढून त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि सुनेच्या हातात दिली.

"माझ्या कपड्यांत ठेव. उद्याच्या बोटीने निघू."

अंगणात सगळा कळप उतरला होता. काकू उंबऱ्यात बसून बघत राहिल्या.