दोन कांड्या पुढे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आमच्या घराण्याला न शोभणारा उतावळेपणा माझ्या अंगी आहे. गोष्ट १९९३ची. इंदूरच्या एका कॉलेजात आम्ही चौघे भाऊ एकाच वायरीने जोडलेले होतो. शैलजा नावाची विद्यार्थिनी आमच्याकडून एका कापड गिरणीची नक्कल चालवून घेत होती. पिंजण, कताई आणि ताणा तिघा भावांकडे, माग माझ्याकडे.

खरी गिरणी परदेशीपुऱ्यात सहा महिने बंद होती. शैलजाचे वडील दिनानाथ तिथे मागावर होते. मानपूरच्या सतरंजी कारखान्यातून त्यांना बोलावणे आले होते, तेही शनिवारपर्यंतच. पण ते गिरणीच्या भोंग्याची वाट बघत घरी बसले होते. निम्म्या मागांवर तरी गिरणी पुन्हा उभी राहील का, हे शैलजाला त्याआधी कळायला हवे होते.

माझे भाऊ भारी सावध. शेजाऱ्याचा निरोप आल्याशिवाय पाऊल उचलत नसत. दिवसभरात नकलेतली एक पाळी पुरी होईना! मला कुठला धीर? सूत येईलच असे धरून मी दुपारपर्यंतचे कापड विणून मोकळा होई. मग निरोप येई, सूत सकाळी दहालाच तुटले. सगळे उसवून पुन्हा दहापासून सुरुवात. फार लाज वाटे.

शुक्रवारी डबा द्यायला आलेले दिनानाथ हे बघत उभे राहिले.

"अगं, हा तर बस पळतच सुटलाय! मागावर आम्ही सुतानं भरलेल्या दोन कांड्या हाताशी ठेवतो. तिसरी नाही. सूत खराब निघालं, तर दोनच फेकायच्या ना."

शैलजाने आम्हा चौघांना तोच नियम लावला. दोन कांड्या विणायला लागतो तेवढाच वेळ पुढे जायचे, मग थांबून निरोप बघायचा. भाऊ हलले, मी आवरलो. संध्याकाळी उत्तर आले. गिरणी तगत नव्हती. मी आपणहून मागे जाऊन सगळे पुन्हा विणले. तेच उत्तर.

शैलजा अजून तिथेच थांबलेल्या वडिलांकडे वळली.

"नाही ना? बोल बेटा," दिनानाथ म्हणाले.

"नाही, बाबा."

"सहा महिन्यांत एवढं पण कोणी बोललं नाही बघ." ते खाली बसले. "दोन महिने मानपूरला जाऊन बघतो. भोंगा वाजला, तर येईनच वापस."

भोंगा वाजला नाही.

आज मी कॉलेजच्या कोठीत धूळ खात पडलो आहे, आणि अजून चुळबुळतो. कुणी बटण दाबत नाही, 'आता तू नकोस' असेही सांगत नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांना 'काही नाही' एवढा निरोप मिळाला तरी पुढचे पाऊल टाकता येते. तुमच्या दारात कुणी वाट बघत थांबले असेल, तर त्याला निदान 'नाही' म्हणा.