माइकवरची तीन वाक्यं

शांभवी तेवीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक बोर्डवर बसून बाहेरगावचे फोन जोडणारी बाई. लाइन कितीही खरखरत असली तरी नंबर नीट ऐकायचा, समोरच्याकडून परत वदवून घ्यायचा आणि मगच पुढे जोडायचा, ही तिची सवय. एस.टी.डी. आली, बोर्डवरचं काम निम्म्यावर आलं, पण सवय गेली नाही.

तिची गल्ली तंजावूरच्या कडेला, कालव्याला लागून. पुढे कौलारू घरं, मागच्या ओळीला विणलेल्या झावळ्यांची छपरं. मेट्टूर धरणाचं पाणी जूनशिवाय सुटत नाही. त्यामुळे मे महिन्यात कालवा कोरडा ठणठणीत आणि वर कत्तिरीचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातलं भाजून काढणारं ऊन. ९२ साली याच दिवसांत अकरा घरं जळाली. लोक "आग, आग" ओरडत धावले, पण आग कुठे हे कुणी सांगितलं नाही. फोन करणाऱ्यानं घाबरून गल्लीचं अर्धंच नाव सांगितलं आणि बंब शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

पुढच्या एप्रिलमध्ये शांभवीनं सगळ्यांना पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळात बोलावलं. देवळाला माइक होता, दोन भोंगे होते, बॅटरीही होती. माइक सांभाळायचे चिदंबरमामा. अभिषेकाची वेळ सांगायची असली तरी मामा आधी थोरामोठ्यांना, मग आयाबहिणींना, मग बालगोपाळांना वंदन करणार.

"आगीच्या वेळी तीनच वाक्यं," शांभवी म्हणाली. "आग कुठे, वारा कुणीकडे, माणसांनी जायचं कुठे. सगळ्यांना कळेल अशा साध्या तमिळमध्ये, तीनदा."

"आणि वंदन?" मामांनी विचारलं.

"आग विझल्यावर, मामा."

सगळे हसले. मामांचा चेहरा उतरला. त्यातच शांभवीनं यादी वाचली: ज्यांना एकट्याला चालता येत नाही, त्यांना कुणी बाहेर काढायचं. मामांच्या बायकोचे, अंबामामींचे गुडघे धरलेले. यादीत त्यांच्या नावापुढे शेजारच्या वसुमतीअक्काचं नाव होतं.

"माझ्या बायकोला आणायला मी मेलोय काय?" मामा उसळले.

"तुम्ही माइकवर असाल," शांभवी शांतपणे म्हणाली. "घराकडे धावलात तर बाकीच्यांना कोण सांगणार?"

मामांना ते पटलं नाही, पण पुढच्या दोन रविवारी ठेवलेल्या तालमींना ते आले. पहिल्या तालमीत, माइक बंद पडला तर म्हणून तोंडी दिलेला निरोप चार तोंडांतून जाता जाता शाळेच्या मैदानाची शाळेची विहीर झाली. शांभवीनं प्रत्येकाला निरोप परत म्हणून दाखवायला लावला. दुसऱ्या खेपेला तो शेवटच्या घरापर्यंत जसाच्या तसा पोचला.

मे महिन्यात, एका बुधवारी दुपारी तीनला, मागच्या ओळीत भात उकडायच्या चुलीची ठिणगी वडाजवळच्या छपरावर गेली. पहिल्यांदा पाहिलं ते निवृत्त चित्रकला शिक्षक भीमसेनांनी. त्यांच्या घरी फोन होता. त्यांनी फायर स्टेशनला गल्लीचं पूर्ण नाव आणि कालव्याचा पूल सांगितला, समोरच्याकडून ते परत वदवून घेतलं आणि मगच रिसीव्हर ठेवला.

शांभवीला त्या दिवशी सुट्टी होती. ती पळत देवळात आली. मामा ओसरीवर पडले होते.

"वडाजवळ पेटलंय. वारा पूर्वेकडे."

मामा ताडकन उठले. वडापासून पूर्वेकडे तिसरं घर त्यांचंच. त्यांनी एक पायरी उतरून पाऊल खाली टाकलं.

"शांभवी, अंबा आत झोपलीय गं."

"वसुमतीअक्का घरीच आहेत. मला बंबाला वाट दाखवायला पुलावर जायचंय. माइकवर तुमच्याशिवाय कुणी नाही, मामा."

मामांनी एकदा धुराकडे पाहिलं. मग वळले आणि त्यांनी बटण दाबलं.

"वडाजवळ आग. वारा पूर्वेकडे. सगळ्यांनी शाळेच्या मैदानात."

तीनदा म्हटलं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. देवळातून त्यांना आपलं घर दिसत नव्हतं, नुसता धूर दिसत होता. तरी ते बोलतच राहिले.

गल्ली धावली, पण एकाच दिशेनं. यादीतली सातही माणसं कुणाच्या ना कुणाच्या हाताला धरून मैदानात आली. तरण्या माणसांनी आगीच्या वाटेतली पुढची दोन छपरं काठीच्या आकड्यांनी ओढून खाली पाडली, कालव्यातली वाळू टोपल्यांनी आणून टाकली. बंब पंधरा मिनिटांत पुलावर आला आणि शांभवीच्या मागोमाग थेट वडापाशी गेला. चार घरं जळाली. त्यांत मामांचं एक. माणूस मात्र एकही भाजला नाही.

बंबाच्या माणसानं आग विझल्याची खूण केल्यावरच मामांनी माइक सोडला. मैदानात कडुनिंबाखाली अंबामामी वसुमतीअक्काच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. मामा त्यांच्यासमोर मातीतच बसले.

"तुमचा आवाज आला," मामी म्हणाल्या. "म्हटलं, ठीक आहेत."

"घर गेलं, अंबा."

"बघितलं मी. पाणी प्या आधी."

मामांनी वसुमतीअक्काकडे पाहून हात जोडले. तिनं तांब्या पुढे केला.

पंधरा दिवसांत चारही घरं पुन्हा उभी राहिली, या खेपेला पत्र्याची. त्याच सुमारास कालव्यापलीकडच्या वस्तीतली चार माणसं शांभवीच्या दारात आली. त्यांच्याकडे माइक नव्हता, फोनही नव्हता, फक्त देवळाची घंटा होती.

"घंटेनं काम होईल, कुठल्या बाजूला किती ठोके ते ठरवू," शांभवी म्हणाली आणि वही उघडली. "आधी सांगा, तुमच्याकडे चालता न येणारी माणसं किती?"