स्क्रूखालचा रंग

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझ्या मालकांच्या वडिलांनी मला घरी आणले, तेव्हा मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ माझ्या खिडकीसाठी भांडत. वडील गेले आणि मी धूळ खात पडले. पुढे दोघा भावांनीच मला दुरुस्त केले, डिकीच्या आतपर्यंत नवा लाल रंग दिला. लोक वळून बघत आणि मी फुशारून जाई.

त्याच रंगाने घात केला. माझ्या मागच्या दोन्ही दिव्यांच्या अर्थिंगच्या, म्हणजे वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, तारा डिकीत एकाच स्क्रूने पत्र्याला जोडलेल्या आहेत. रंग त्या स्क्रूखाली गेला. तारेचा पत्र्याशी संबंध जेमतेम उरला. थोडी वीज कशीबशी जाई, जास्त लागली की अडे.

एका संध्याकाळी दिवे लावून जाताना मालकांनी करकचून ब्रेक दाबला. माझे मागचे दिवे उजळायचे, ते विझलेच! मागून स्कूटरवर येणारा धाकटा माझ्यावर आदळला. त्याचे उजवे मनगट मोडले. मित्रांनो, तो घड्याळे दुरुस्त करत असे.

"दादा, तुझा दिवा लागलाच नाही रे!"

मालकांनी भर उन्हात, दिवे न लावता नुसता ब्रेक दाबून पाहिला. तेवढ्यापुरता दिवा कसाबसा लागला.

"खोटं कशाला बोलतोस? लक्ष नव्हतं म्हण!"

धाकटा उठून गेला. पुन्हा फिरकला नाही. मला सगळे ठाऊक होते, पण वाचा कुठली? मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी दिवे लावलेले होते ना? मग तसेच लावून बघा की!"

त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या. मालकांनी ब्रेक दाबला.

"अहो, विझले!"

बल्ब बदलले, तरी तेच. मग मालकांनी दिव्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत वेगळी तार धरली. दिवा लख्ख पेटला! त्यांनी डिकीतला स्क्रू काढला आणि पत्रा चकाकेपर्यंत रंग खरवडला.

"त्याला खोटारडा ठरवलं गं मी," एवढेच ते बोलले.

तसेच ते मला घेऊन धाकट्याच्या दारी गेले. "चुकलो रे."

धाकटा बाहेर आला. माझ्या मागे येऊन म्हणाला, "दिवे लावून दाब ब्रेक." बराच वेळ बघत राहिला. "लागला. चल, चहा घे."

पायरीवर बसून दोघे चहा प्यायले. धाकट्याने कप डाव्या हातात धरला होता. उजव्याची बोटे अजून वळत नव्हती. मला ते बघवेना.

मित्रांनो, गाडी रंगवाल तेव्हा अर्थिंगच्या स्क्रूखालचा पत्रा कोरा ठेवा. आणि कोणी म्हणाले, 'दिवा लागला नाही', तर त्याला खोटे पाडायची घाई करू नका. आधी माझ्या मागे येऊन, तो उभा होता तिथून बघा.