लोहाराच्या दारातला निकाल

पेरणी तोंडावर आली की लोहाराच्या दारात जागा मिळत नाही. त्या सकाळीही आम्ही सहाजण नांगराचे फाळ पुढ्यात ठेवून बसलो होतो. कुणीतरी पेपर वाचून दाखवला, हायकोर्टात न्यायाधीशाची एक जागा रिकामी आहे, खटले तुंबलेत.

"मग माझा अर्ज लिहून टाका," आमच्यातला मस्कऱ्या म्हणाला. "मला बसल्या जागी झोप लागत नाही. अजून काय लागतं?"

आम्ही हसून लोळलो. त्याचाच खटला तिथं नऊ वर्षं पडून होता. त्याच्या रानाला एका अंगानं ओढा, दुसऱ्या अंगानं खडक. बैलगाडी जायची ती थोरल्या भावाच्या बांधावरून. खालच्या कोर्टात मस्कऱ्या जिंकला, थोरला वर हायकोर्टात गेला. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद.

लोहारानं आपल्या कमरेचं काळं कातडं सोडून न्यायाधीशाच्या झग्यासारखं मस्कऱ्याच्या खांद्यावर टाकलं आणि त्याला पालथ्या पाटीवर बसवलं. तेवढ्यात कोपऱ्यात फाळ घेऊन बसलेला थोरला बोलला, "साहेब, आमची पण एक केस हाय."

भाता थांबला. मस्कऱ्याचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. नऊ वर्षांनी भाऊ बोलला, तोही चेष्टेत. त्याला काय देऊ नि काय नको असं झालं.

"धाकटा आगाऊ हाय," तो गंभीर तोंड करून म्हणाला. "वाट थोरल्याची. धाकट्याचा तिच्यावर काही हक्क नाही."

"तोंडी निकाल कोण मानतो? लिहून द्या की. खाली नाव-गाव, सही," थोरला म्हणाला.

मस्कऱ्यानं लिहून दिलं. लोहार धरून आम्ही पाचजणांनी साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसत होतो. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला म्हणे, "दादा बोलला गं माझ्याशी."

पंधरवड्यानं थोरला माझ्या दारात आला, वकिलाचा टाईप केलेला कागद घेऊन. धाकट्यानं आम्हा साक्षीदारांसमोर राजीखुशीनं हक्क सोडला, असं त्यात होतं.

"पेरणीला माझीच बैलं नेणार ना?" त्यानं विचारलं.

माझ्याकडे बैल नाही. मी सही केली. बाकीच्यांनी का केली, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मस्कऱ्या संध्याकाळी आला. आत ये म्हणालो, तर आला नाही.

"तू तिथं होतास. एवढंच सांग कोर्टात, की आपण हसत होतो."

"मी कुठं हसलो?" मी म्हणालो.

तो दारातूनच माघारी फिरला.

वर्षाच्या आत हायकोर्टानं मस्कऱ्याच्या हातचा तो कागद खरा धरला आणि वाट बंद झाली. पुढच्या पेरणीला त्याची बायको बियाणाचं पोतं डोक्यावर घेऊन ओढ्यातून जाताना दिसली. मागून तो खांद्यावर कुदळ घेऊन. मी थोरल्याची बैलं जुंपली आणि त्यांच्याकडे पाठ करून नांगराचं तास धरलं.