उभं राहायचं स्टूल

मी एक स्टूल. बसायचं नव्हे, उभं राहायचं. हे आधीच सांगितलेलं बरं. माझा जन्म औषधांच्या एका दुकानात झाला. दुकान नवंकोरं, काउंटर भलतं उंच आणि दुकानदारीण चणीने एवढीशी. काउंटर तिच्या हनुवटीला लागायचं. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक दुकानात कुणी नाही असं समजून निघून गेलं. मग तिच्या सुतार भावाने जुन्या दाराची फळी कापली, चार पाय ठोकले आणि म्हणाला, "घे, आता दिसशील तरी."

ती म्हणजे आई. माझी नव्हे, पण पुढे घरात आईच्या नावाने हाकांचा सपाटा सुरू झाला, तेव्हा मीही तिला मनात तेच म्हणू लागलो.

माझ्यावर चढली की ती चांगली उंचीपुरी बाई व्हायची. गणिताचे एक ताडमाड मास्तर तर फसलेच. त्यांचा खोकला काही केल्या बरा होईना. एका संध्याकाळी दुकान बंद करायला आई खाली उतरली आणि मास्तर बावरून इकडेतिकडे बघू लागले. "इथे खाली आहे मी," आई म्हणाली. "खोकला खरा आहे, की बाटल्या नुसत्या घरी साठवताय?" मास्तर जे हसत सुटले, ते लग्न ठरेपर्यंत हसतच होते.

स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं. दुपारी दुकान बंद केलं की मला काखोटीला मारून निघायची. कुणाचा पंखा पुसून दे, कुणाचा बल्ब बदल. एकदा गल्लीतले दिवे बंद पडले आणि अर्जांना कुणी भीक घालेना. तेव्हा कचेरीच्या दारात माझ्यावर उभी राहून तिने साहेबांना असं फैलावर घेतलं, की आठवड्याच्या आत गल्ली उजळली. लेकीच्या शाळेतलं नाटक तिने शेवटच्या रांगेतून, माझ्यावर उभं राहून पाहिलं. मागे भिंतीशी उभे असलेले कुरकुरले तर म्हणाली, "माझी मुलगी झाड झालीये, फार वेळ नाही घेणार."

लेक उंचीला वडिलांवर गेली. हात वर केला की तिला वरचा कप्पा लागायचा. आई, तू बस, मी काढून देते, असं ती किती वेळा म्हणाली असेल. बसून काय अंडी उबवायचीत, हे उत्तर ठरलेलं.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. चार दिवसांचा ताप, त्याआधी दुकानातच होती. भेटायला आलेला प्रत्येक जण हळहळत एकच बोलायचा, बिचारीने जन्म उभ्याने काढला हो. लोक चांगल्या मनानेच बोलत होते, पण लेकीच्या जिव्हारी लागलं. परवा तिने शटर अर्धं ओढलं, मला बाहेर काढलं आणि माझ्यावर बसली. बराच वेळ रडत होती. वडील दारात येऊन उभे राहिले तेव्हा म्हणाली, "बाबा, दुकान विकून टाकू. यानेच झिजवलं तिला. आपण तिला बसू दिलंच नाही." मास्तरांनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत असावं.

मला जीव तोडून ओरडावंसं वाटलं. काउंटरच्या वर दिसायची ती औषधं देणारी गंभीर बाई. खाली काय चालायचं, ते मी सोडून कुणी पाहिलेलं नाही. चपला काढून ती अनवाणी उभी राहायची. रेडिओवर गाणं लागलं की टाच ताल धरायची. कुणी दुखण्याचं पुराण लावलं की चेहरा दुःखी ठेवून खाली एका पायावर तोल सांभाळायचा खेळ चालायचा. आणि कुणाच्या पोराचा ताप उतरल्याचं कळलं, की टाचा उचलून चवड्यांवर आणखी उंच व्हायची. झिजलेले पाय असे नसतात. पायांपुरतं तरी माझं ऐका.

माझा आवाज लेकीपर्यंत पोचत नाही. तुम्ही जाऊन तिला एवढं सांगाल का? उद्या दुपारी दुकान बघायला कुणी येणार आहे. सकाळीच गेलात तर बरं.