दोन तासांची वॅगन

साहेबांना तक्ता हवा होता. रेल्वे की रस्ता, एका कागदावर, आठवड्याच्या आत. साल सत्तर, महिना मार्च. कंपनीचा माल दर महिन्याला वाढत होता आणि मद्रासला वेळेवर पोचत नव्हता. मी डिस्पॅचचा क्लार्क. तक्ते करणं हा माझा धंदा आणि तक्ता भरायच्या आधीच कोण मरणार ते ओळखणं हा छंद.

रकाने सोपे होते. वॅगनमध्ये बावीस टन, ट्रकमध्ये नऊ. ट्रक मद्रासला पाचव्या दिवशी, वॅगन तेराव्या. ट्रक बोलावला की दुपारपर्यंत फाटकात. वॅगनी रोज मागायच्या पाच, मिळायच्या दोन, कारण त्याच रुळांवरून पॅसेंजर जायची, मेल जायची, बाकी सगळ्यांचा माल जायचा. आमच्यासाठी कोणी वेगळे रूळ टाकले नव्हते. गंमत म्हणून मी बैलगाडीचाही रकाना घातला होता : जवळच्या थेरगावाहून बाजारापर्यंत दहा पोती, बैलांची मर्जी असेल तर. साहेबांनी तो लाल पेन्सिलीनं खोडला. त्यांना गंमत कळायची, खपायची नाही.

शेवटचा रकाना त्यांनी स्वतः आखला : 'हात'. स्टेशनच्या मालधक्क्यावर कंपनीची अठरा जणांची टोळी होती. मुकादम धोंडीबा, माझ्याच गावचा. एका वॅगनला दोनशे सत्तर पेट्या, पेटी ऐंशी किलोची. टोळीला चार तास लागायचे. दोन वॅगनी, आठ तास, शिफ्ट भरली.

"गुरुवारी मी स्वतः घड्याळ लावून बघणार," साहेब म्हणाले.

बुधवारी मी धोंडीबाला धक्क्यावर, टोळीतच गाठलं. टोळीची माणसं कमी करायचा विचार साहेबांच्या डोक्यात आहे, हे त्याला सांगितलं. हेही सांगितलं, की रोज जेवढं करता तेवढंच उद्या करा.

"म्हंजी पावण्याला शिळी भाकर वाढू?" धोंडीबा हसला. "सोपानराव, तुमी लिवणारी मानसं. कामाला वंगाळ दिसला तर मानूस काडत्यात. चांगला दिसल्यावर कोन काडंल?"

"धोंडीबा, वॅगनी दोनच येतात. तू कितीही पळालास तरी तिसरी येणार नाही."

"आमचं काम बघून साहेब रेल्वेला सांगंल की."

"रेल्वे साहेबाची मेहुणी आहे का?"

टोळी हसली. धोंडीबाचा धाकटा भाऊ खंडू सगळ्यात मोठ्यानं. मला वाटलं, समजलं यांना. माणसं हसली की त्यांना पटलं असं मी धरून चालतो. हिशेबातली माझी ही जुनी चूक आहे.

गुरुवारी साहेब आठ वाजता धक्क्यावर आले. घड्याळ हातात धरलं. धोंडीबानं डोक्याला फडकं आवळलं, थुंकला आणि म्हणाला, "चला रं, बापाचं लगीन हाय!"

मग जे झालं ते मी बारा वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. चार जण वॅगनमध्ये, बाकीचे धक्क्यावर. पेटी खाली ठेवणं नाहीच, पाठीवरून पाठीवर. किसन नेहमी दर विसाव्या पेटीला बिडी ओढायचा, त्यानं ती कानावर तशीच ठेवली. लंगडत चालणारे मारुतरावही पळत होते. दरवाजा लागला तेव्हा दहा वाजले होते. बरोबर दोन तास.

"शाबास," साहेब म्हणाले आणि धोंडीबाचा हात हातात घेतला. अठरा जणांनी तो हात बघितला.

ऑफिसात येऊन साहेबांनी माझा तक्ता पुढे ओढला. अठरा माणसं, दोन तास. म्हणजे नऊ माणसं, चार तास. वॅगनी दोन, तास आठ. गणित चोख होतं.

"वाढीव माल ट्रकनं जाईल. तो ट्रकवाल्यांचेच हमाल भरतील, इथं आपल्याच फाटकात," साहेब म्हणाले. "धक्क्यावर नऊ जण पुरे. रोज पळणं जमणार नाही म्हणाल, तर ते त्यांनीच जमवून दाखवलंय. कोण ठेवायचे ते मुकादम ठरवेल. नावं शनिवारी."

शनिवारी धोंडीबा माझ्या टेबलासमोर उकिडवा बसला. खुर्ची दिली तर घेतली नाही. चहा आला, त्यावर साय धरली. ट्रकमध्ये माल भरताना फाटकातून आरडाओरडा येत होता.

"लिवा. मारुतराव."

मी मान वर केली. "लंगडतात."

"लिवा. किसन."

"तो दर वीस पेट्यांना बिडी ओढतो."

"म्हून तर."

पुढची सात नावंही तशीच. एकाला दमा, एक साठीला आलेला, एक कामापेक्षा जास्त बोलणारा. खंडूचं नाव आलं नाही.

"धोंडीबा, हे कसलं निवडणं? यांच्यानं शिफ्टमध्ये दोन वॅगनी होतील कशाबशा."

"कशाबशाच व्हाया पायजेत," तो म्हणाला. आवाज वर नाही, खाली नाही. किती पेट्या झाल्या ते सांगावं तसा. "पळनारं नऊ ठिवलं, तर साहेब पुन्यांदा घड्याळ लावंल. मग नवाचं पाच. ह्यांच्यात काडाया काय ऱ्हायलंच न्हाई. ह्ये टिकतील."

"आणि तू?"

"मी तर सगळ्यात पळनारा."

अंगठ्यासाठी मी शाईची डबी पुढे केली. त्यानं अंगठा उठवला आणि धोतराला पुसला. चहा तसाच ठेवून तो उठला.

मी यादी साहेबांकडे नेली. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं नावं मोजली. नऊ भरली. त्यांनी सही केली.