खालची ओळ

मला गल्लीत सगळे शेपूट म्हणतात. कुणाचं? ताईचं, आणखी कुणाचं! शिवणाच्या दुकानात ती कापते, मी शिवते. ती 'हो' म्हणाली की माझंही 'हो'. तिने गायनवर्गात नाव घातलं, तर लगोलग माझंही घातलं.

तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "स्वरमेळ म्हणजे काय?"

"सगळ्यांनी एकसारखं गाणं," ताईने ठोकून दिलं. मीही मान हलवली.

"एकसारखं गायलं तर नुसता आवाज वाढतो," बाई म्हणाल्या. "स्वरमेळात सूर वेगवेगळे असतात, आणि तरी एकमेकांना धरून असतात." मग त्यांनी कार्यक्रमाच्या गाण्यातलं मधलं कडवं आम्हा दोघींना दिलं. वरच्या सुरांची ओळ ताईला, खालच्या सुरांची मला.

झालं! दोन शब्द होतायत न होतायत, तोच मी ताईच्या सुरावर. रोज हेच. बाई वैतागल्या. "कार्यक्रमात ओळ सोडलीस, तर पुढच्या वेळी ती वर्गातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना देईन." आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं होतं हो!

मग मी हट्टालाच पेटले. बाह्या जोडताना, काजं करताना, दिवसभर खालची ओळ. ताई कात्री आपटायची. "कान किटले गं माझे!"

कार्यक्रमाला वाचनालयाचा हॉल गच्च भरला. मधलं कडवं आलं, मी माझी ओळ घट्ट धरली, आणि बघते तर काय, ताई माझ्याच सुरावर! गर्दी बघून तिची भंबेरी उडाली होती. वरच्या ओळीला कुणीच नाही.

मी तिथेच राहिले असते तर माझी ओळ माझ्याकडेच राहिली असती. पण ताईचा चेहरा एवढासा झाला होता. मग काय, दिली सोडून आणि गेले वर. ती ओळ तर मला आधीपासूनच पाठ! खाली ताई, वर मी, असं कडवं पार पडलं.

पडद्यामागे बाईंनी गाठलंच. "ओळ सोडलीस?"

"सोडली," मी म्हटलं. रडूच आलं मला.

"आधी मी सोडली," ताई मध्ये पडली. "मी घाबरले. हिने सांभाळून घेतलं." ताईच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

बाईंना हसू फुटलं. "डॉक्टरीणबाई राहू देत. पुढच्या वेळी वरची ओळ कोण घेणार?"

आम्ही एकमेकींकडे बोट दाखवलं आणि एकदमच ओरडलो, "ही!"